असेंब्ली ड्रॉइंगवर शेडेड आणि वायरफ्रेम व्ह्यू एकत्र छापताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत फिक्स्चर (मशिनिंग करताना पार्ट जागेवर पकडून ठेवणारं साधन) आणि छोट्या स्पेशल मशिनांचं डिझाइन करणाऱ्या ऑफिसात मी बसतो. नवीन पोरं, वेंडर, कधी कधी प्लॉटिंगच्या दुकानातला माणूस, सगळे मिळून मला हेच पंधरा-वीस प्रश्न विचारतात. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलंय. उदाहरणं मुख्यतः सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅडची आहेत, कारण आपल्या पट्ट्यातल्या लहान ऑफिसांत हीच दोन डिझाइन सॉफ्टवेअरं जास्त दिसतात.

वायरफ्रेम, हिडन लाइन आणि शेडेड यांत नेमका फरक काय?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण निम्मे घोळ इथूनच सुरू होतात. आपल्याकडे रेषांच्या कुठल्याही व्ह्यूला सरसकट ‘वायरफ्रेम’ म्हणतात. खरं वायरफ्रेम म्हणजे मॉडेलच्या सगळ्या कडा, पुढच्या, मागच्या, आतल्या, सगळ्या सलग रेषेत. चाळीस पार्टच्या असेंब्लीचा तसा व्ह्यू छापला तर कागदावर कोळ्याचं जाळं येतं आणि फिटर तुमच्याकडे बघून हसतो.

ड्रॉइंगवर आपल्याला बहुतेक वेळा ‘हिडन लाइन्स रिमूव्ह्ड’ हवं असतं, म्हणजे समोरून दिसतात तेवढ्याच कडा. लपलेल्या कडा तुटक रेषेत दाखवल्या की ते ‘हिडन लाइन्स व्हिजिबल’. शेडेडमध्ये पृष्ठभागांना रंग आणि उजेड-सावली येते, आणि त्याचेही दोन प्रकार: कडांसकट आणि कडांविना. गिऱ्हाईक फोनवर “वायरफ्रेम पाठवा” म्हणालं तर नव्वद टक्के वेळा त्याला हिडन लाइन्स रिमूव्ह्ड हवं असतं. तरी विचारून घ्या. खाली मी ‘रेषांचा व्ह्यू’ म्हणेन तेव्हा मला तेच म्हणायचंय.

एकाच शीटवर दोन्ही कशाला? सगळं रेषांत का नाही?

शेडेड आयसो, म्हणजे कोपऱ्यातून बघितल्यासारखा तिरका थ्रीडी व्ह्यू, बघून माणूस वस्तू ओळखतो, आणि रेषांच्या व्ह्यूवरून ती बनवतो. असेंब्ली फ्लोअरवर ड्रॉइंग हातात घेतलेला माणूस आधी कोपऱ्यातला आयसो बघतो, फिक्स्चर डोक्यात बसवतो आणि मगच फ्रंट व्ह्यूकडे वळतो. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं; थर्ड अँगलमध्ये बाजूचे व्ह्यू शीटवर उलट बाजूला बसतात. परदेशी कंपनीचं थर्ड अँगलचं ड्रॉइंग मध्येच आलं की चांगले मुरलेले लोकही डावं-उजवं करतात. तिथे एक शेडेड आयसो अर्धा तास वाचवतो.

माझा हिशोब साधा आहे: शीटवर एक शेडेड आयसो, फार तर एक एक्स्प्लोडेड (पार्ट सुटे सुटे करून दाखवलेला), बाकी सगळं रेषांत. चार-चार शेडेड व्ह्यू असलेली शीट कॅटलॉगसारखी दिसते आणि कॅटलॉगइतकीच उपयोगी पडते.

स्क्रीनवर व्ह्यू झकास दिसतो, कागदावर मात्र कडा दातेरी का येतात?

कारण कागदाकडे जाताना दोन्ही व्ह्यूंचे रस्ते वेगळे होतात. रेषांचा व्ह्यू वेक्टर म्हणून जातो: ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत ०.३५ मिमी जाडीची रेघ मार’. प्लॉटर ती स्वतःच्या पूर्ण ताकदीने मारतो. शेडेड व्ह्यूचं मात्र आधी चित्र बनतं, ठिपक्यांचं, म्हणजे रास्टर. त्यात किती ठिपके असावेत हे प्लॉटर ठरवत नाही, तुमच्या सॉफ्टवेअरमधली एक सेटिंग ठरवते. ती सेटिंग कुणी उघडूनही बघत नाही.

आता आकडे बघा. ०.२५ मिमीची रेघ १५० डीपीआयच्या (इंचाला १५० ठिपक्यांच्या) चित्रात जेमतेम दीड ठिपका जाड होते. दीड ठिपका असं काही नसतं, त्यामुळे ती कुठे एक, कुठे दोन ठिपक्यांची येते आणि तिरकी असली की पायऱ्या दिसतात. ०.१८ मिमीची रेघ तर एका ठिपक्यावर येऊन थांबते. ३०० डीपीआयला तीच ०.२५ची रेघ साधारण तीन ठिपके घेते आणि डोळ्याला सरळ दिसते. म्हणजे शेडेड व्ह्यूच्या कडा खराब आल्या तर आधी प्लॉटरच्या हेडला शिव्या घालू नका, डीपीआय बघा.

रेषांचा व्ह्यूसुद्धा कधी कधी दातेरी येतो. सॉलिडवर्क्समध्ये व्ह्यू ‘ड्राफ्ट क्वालिटी’वर राहिला असेल तर हे होतं. मोठी असेंब्ली जड होते म्हणून कुणीतरी तो तसा ठेवतो आणि विसरतो. पीडीएफच्या सेटिंगमध्ये शेडेड आणि ड्राफ्ट या दोघांना मिळून एकच डीपीआयचा रकाना आहे, त्यावरूनच कळतं की छापताना दोघांची जात एक आहे. छापण्याआधी व्ह्यू हाय क्वालिटी करा.

मग डीपीआय किती ठेवू? ६००च ठेवून टाकू का?

नको. संपूर्ण ए१ शीट, म्हणजे ५९४ × ८४१ मिमी, ३०० डीपीआयने चित्र झाली तर जवळपास ७ कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट धरले तर २०० एमबीच्या वर. ६००ला गेलात की दुप्पट नाही, चौपट: ८०० एमबीच्या पुढे. दाबून लहान होतं हे खरं, पण प्लॉटरला छापताना ते उलगडावंच लागतं.

उलट २०० × १५० मिमीचा एकच आयसो शेडेड ठेवून बाकी शीट रेषांत ठेवलीत, तर ३०० डीपीआयला त्या चित्राचे १२-१३ एमबी होतात. मी ‘एकच शेडेड’ म्हणून मागे लागतो त्याचं अर्धं कारण हे आहे.

कडांसकट शेडेड असेल तर ३००. कडांविना, नुसती रंगाची सावली असेल तर १५०नेही भागतं, कारण तिथे बारीक रेघच नसते. ६०० मी फक्त एकदा, प्रदर्शनाच्या पोस्टरसाठी वापरलंय.

सॉलिडवर्क्समध्ये एक व्ह्यू शेडेड आणि बाकी रेषांत कसे ठेवायचे?

व्ह्यूवर क्लिक करा, डाव्या पॅनेलमध्ये डिस्प्ले स्टाइल आहे, तिथून निवडा. अडचण येते ती प्रोजेक्टेड व्ह्यूंची. त्यांच्यावर ‘यूज पेरेंट स्टाइल’ची खूण आपोआप असते, त्यामुळे मूळ व्ह्यू शेडेड केला की त्याची सगळी पिलावळ शेडेड होते. आयसो जर फ्रंटवरून ओढून काढलेला असेल तर त्याची ही खूण आधी काढा, मग त्याला शेडेड करा.

पीडीएफ काढताना सेव्ह अ‍ॅजच्या ऑप्शनमध्ये जाऊन हाय क्वालिटी लाइन्स आणि शेडेड कडांची हाय क्वालिटी, दोन्ही खुणा तपासा. थेट प्लॉटरला देत असाल तर पेज सेटअपमध्ये ड्रॉइंग कलर बघा: ऑटोमॅटिक, कलर किंवा ग्रेस्केल, आणि ब्लॅक अँड व्हाइट असे तीन पर्याय आहेत. ऑटोमॅटिकवर सोडलं तर समोरचा प्रिंटर रंगीत आहे की नाही यावर निकाल ठरतो, आणि ऑफिसातला प्रिंटर बदलला की तीच फाइल वेगळी छापली जाते. “कालपर्यंत बरोबर येत होतं” ही तक्रार आली की मी पहिल्यांदा इथे बघतो.

एकाच व्ह्यूमध्ये काही पार्ट शेडेड आणि काही वायरफ्रेम करता येतात का?

येतात, आणि फिक्स्चरवाल्यांना याचीच खरी गरज असते. फिक्स्चरच्या ड्रॉइंगमध्ये जॉब, म्हणजे ज्यावर मशिनिंग करायचं तो पार्ट, वेगळा दिसलाच पाहिजे. बोर्डावर काढायच्या काळी जॉब लाल पेन्सिलीने किंवा लांब रेघ-दोन ठिपके अशा फँटम रेषेत काढत. जॉब जणू पारदर्शक आहे असं धरायचं आणि त्याच्यामागचे लोकेटर, रेस्ट पॅड (जॉब जागेवर बसवणारे आधार) उघडे दाखवायचे. थ्रीडीमध्ये तेच साधायचं असेल तर फिक्स्चर शेडेड आणि जॉब वायरफ्रेम.

सॉलिडवर्क्समध्ये हे असेंब्लीत करायचं असतं, ड्रॉइंगमध्ये नाही. असेंब्लीत डिस्प्ले पेन उघडा, नवीन डिस्प्ले स्टेट (कुठला पार्ट कसा दिसावा याची जपून ठेवलेली सेटिंग) बनवा, तिला ‘छपाई’ असं साधं नाव द्या आणि जॉबचा डिस्प्ले मोड वायरफ्रेम करा. मग ड्रॉइंगमधल्या आयसोच्या प्रॉपर्टीत ती डिस्प्ले स्टेट निवडा. इथे लोक हमखास अडकतात: स्टेट निवडली तरी जॉब तसाच दिसतो! कारण पार्टनिहाय डिस्प्ले मोड आणि रंग ड्रॉइंगमध्ये फक्त शेडेड किंवा कडांसकट शेडेड व्ह्यूलाच लागू होतात. व्ह्यू हिडन लाइन्स रिमूव्ह्डवर असेल तर डिस्प्ले स्टेटमधलं दाखवणं-लपवणं तेवढं चालतं, बाकी काही नाही. म्हणजे व्ह्यू आधी शेडेड करा आणि त्यातला जॉब स्टेटमधून वायरफ्रेम होऊ द्या.

दुसरी खोच. ‘लिंक डिस्प्ले स्टेट्स टू कॉन्फिगरेशन्स’ ही खूण असेल तर प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या (त्याच मॉडेलच्या वेगळ्या रूपाच्या) डिस्प्ले स्टेट वेगळ्या. क्लॅम्प उघडा आणि क्लॅम्प बंद अशी दोन कॉन्फिगरेशनं असतील तर ‘छपाई’ दोन्हींत बनवावी लागते, किंवा खूण काढून टाकायची.

जॉब कास्टिंग असेल तर आणखी एक दुखणं. गिअर हाउसिंगसारख्या पार्टला शेकडो फिलेट (गोल केलेले कोपरे) असतात, वायरफ्रेममध्ये प्रत्येक फिलेटच्या दोन-दोन कडा उमटतात आणि जॉबच्या जागी केसांचा पुंजका दिसतो. मी जॉबचं एक वेगळं कॉन्फिगरेशन करतो आणि त्यात फिलेट व बारीक भोकं सप्रेस, म्हणजे तात्पुरती बंद, करतो. मशिनिंगची जागा आणि लोकेशनची भोकं मात्र ठेवायची. दहा मिनिटांचं काम आहे, पण प्रिंट वाचता येते.

जॉब वायरफ्रेमऐवजी पारदर्शक ठेवला तर? स्क्रीनवर सुंदर. कागदावर पारदर्शकता म्हणजे फिकट ठिपक्यांची जाळी, आणि काळ्या-पांढऱ्या लेझरवर ती राखाडी डागासारखी दिसते. मी टाळतो.

ऑटोकॅडमध्ये प्लॉटच्या खिडकीतलं शेड प्लॉट बंद का असतं?

कारण तुम्ही लेआउटमध्ये, म्हणजे छपाईची शीट मांडायच्या टॅबवर, आहात. मॉडेल टॅबवरून प्लॉट करताना तो पर्याय (व्ह्यू शेडेड छापायचा की रेषांत हे ठरवणारा) प्लॉटच्या खिडकीत चालू असतो. लेआउटमध्ये प्रत्येक व्ह्यूपोर्टची (मॉडेल दाखवणाऱ्या शीटवरच्या चौकटीची) स्वतःची सेटिंग असते. व्ह्यूपोर्टची चौकट निवडा, प्रॉपर्टीज उघडा, तिथे शेड प्लॉट आहे. एका शीटवर मिसळ करायची ती अशी: आयसोच्या व्ह्यूपोर्टला शेडेड किंवा कन्सेप्च्युअल, बाकीच्यांना लेगसी हिडन. ‘अ‍ॅज डिस्प्लेड’ ठेवलं तर स्क्रीनवर जे आहे तेच छापलं जातं, आणि मग कुणीतरी रात्री व्हिज्युअल स्टाइल बदलून गेला की सकाळची प्रिंट वेगळी.

दर्जा मात्र प्लॉटच्या खिडकीतच, शेडेड व्ह्यूपोर्ट ऑप्शन्समध्ये ठरतो. तिथली नावं फसवी आहेत. ड्राफ्ट निवडलंत तर शेडेड व्ह्यूपोर्ट चक्क वायरफ्रेम छापला जातो, “माझं शेडिंग कुठे गेलं?” या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे सापडतं. प्रीव्ह्यू म्हणजे प्लॉटरच्या रिझोल्यूशनच्या पाव, पण १५० डीपीआयच्या वर नाही. नॉर्मल म्हणजे निम्मं, ३००च्या वर नाही. प्रेझेंटेशन म्हणजे पूर्ण, ६००च्या वर नाही. मॅक्सिममला कसलीच मर्यादा नाही, आणि म्हणूनच मी त्याला हात लावत नाही. आमच्याकडे कस्टम ३०० ठरलेलं आहे.

गोल पार्ट अष्टकोनी छापले जात असतील तर फेसेटरेस (कमांड लाइनवर टाइप करायची सेटिंग, FACETRES) वाढवा. मुळात ते ०.५ असतं, १० पर्यंत जातं, ३-४ पुरे. लपलेल्या रेषा काढून छापताना सिलिंडरवर जाळी दिसत असेल तर तशीच डिस्पसिल्ह (DISPSILH) १ करा. शेडेड व्ह्यूमागे राखाडी पट्टा छापला जात असेल तर व्हीएसबॅकग्राउंड्स (VSBACKGROUNDS) ० करा, नाहीतर बिनकामाची शाई जाते.

ऑटोकॅडमध्ये एकाच व्ह्यूत शेडेड आणि वायरफ्रेम?

व्ह्यूपोर्टवर व्ह्यूपोर्ट. आयसोचा व्ह्यूपोर्ट तयार झाला, स्केल लागला, लॉक झाला की त्याची जागच्या जागी कॉपी करा. बेस पॉइंट ०,० आणि दुसरा पॉइंटही ०,०. आता एकात जॉबचा लेयर व्हीपी फ्रीझ (फक्त त्या व्ह्यूपोर्टपुरता बंद) करा आणि शेड प्लॉट शेडेड ठेवा. दुसऱ्यात फिक्स्चरचे लेयर फ्रीझ करा आणि शेड प्लॉट वायरफ्रेम. रेषांचा व्ह्यूपोर्ट वर आला पाहिजे, नाहीतर चित्र रेषांना गिळतं. प्रीव्ह्यू बघितल्याशिवाय पाठवू नका.

यात एक लबाडी आहे ती लक्षात असू द्या: जॉबच्या रेषा फिक्स्चरच्या मागे गेल्या तरी वर दिसतात, कारण दोन्ही व्ह्यूपोर्टांना एकमेकांची कल्पनाच नसते. फिक्स्चरच्या ड्रॉइंगला हे चालतं, किंबहुना हवंच असतं. गिअरबॉक्सच्या असेंब्लीला चालणार नाही.

मोनोक्रोम सीटीबी (सगळे रंग काळे छापणारी प्लॉट स्टाइलची फाइल) लावली, तरी रेषा रंगीत येतात. का?

त्या व्ह्यूपोर्टला थ्रीडी व्हिज्युअल स्टाइल लागलेली असणार. तशा व्ह्यूपोर्टचं चित्र होतं, आणि सीटीबी चित्राला हात लावत नाही. रेषांचे सगळे व्ह्यूपोर्ट शेड प्लॉटमध्ये लेगसी वायरफ्रेम किंवा लेगसी हिडनवर आणा. ‘हिडन’ आणि ‘लेगसी हिडन’ शेजारी-शेजारी आहेत आणि दिसायला सारखे, पण पहिला चित्र बनवतो आणि दुसरा रेषा. आमच्या एका ट्रेनीने यावर अख्खी दुपार घालवली होती. त्याचा दोष नाही, नावं ठेवणाऱ्याचा आहे.

शीटवर लेयरची ट्रान्स्परन्सी वापरली असेल तर ‘प्लॉट ट्रान्स्परन्सी’ची खूण लावल्याशिवाय ती छापत नाही. ती लावली की प्लॉट रास्टर होतो आणि वेळ वाढतो. गरज नसेल तर लावू नका.

इन्व्हेंटर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एका शीटवर दोन्ही कसे ठेवायचे?

सोपं आहे. व्ह्यूवर डबल क्लिक केलं की स्टाइलची बटणं दिसतात, हिडन लाइन रिमूव्ह्ड आणि शेडेड एकत्र दाबता येतात. शेडेड चित्राचं रिझोल्यूशन डॉक्युमेंट सेटिंग्जच्या ड्रॉइंग टॅबमध्ये आहे, ते वाढवा. प्रिंटच्या खिडकीतली ‘ऑल कलर्स अ‍ॅज ब्लॅक’ची खूण शेडेड व्ह्यू असलेल्या शीटवर जपून वापरा.

शॉपवर प्रिंट काळी-पांढरीच निघते. रंगांचं काय?

मी यात पोळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका फिक्स्चरच्या आयसोमध्ये मी क्लॅम्प लाल आणि लोकेटर हिरवे दाखवले होते. नोटमध्ये ऐटीत लिहिलं, ‘हिरवे भाग हलवू नयेत’. गिऱ्हाईकाच्या शॉपवर ती शीट काळ्या-पांढऱ्या लेझरवर छापली गेली. दोन्ही रंग एकाच राखाडीत आले. फिटर काकांनी मला फोन लावला: “साहेब, हिरवं कुठलं ते तरी सांगा, इथे सगळं एकादशीचं जेवण आहे!”

हा योगायोग नव्हता. रंगाची राखाडी करताना सर्वसाधारण सूत्र असं: लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७, निळ्याचे ०.११४ भाग. शुद्ध लाल, म्हणजे २५५, त्याची राखाडी येते ७६ (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). मी वापरलेला गडद हिरवा १२८चा होता, त्याची येते ७५. डोळ्याला एकच. शुद्ध निळा २९ वर जातो, म्हणजे जवळजवळ काळा, आणि त्यावरच्या काळ्या कडा बुडतात. पिवळा २२६, काळी कड नसेल तर तो कागदात विरघळतो.

तेव्हापासून छपाईच्या डिस्प्ले स्टेटमध्ये मी रंग निवडतो ते राखाडीत वेगळे दिसतील असे आणि सगळे फिकट: साधारण १५० ते २३०च्या दरम्यान तीन छटा, तीनच. त्यावर काळी कड उठून दिसते आणि टोनरही कमी जातो. पार्टचा खरा रंग, प्रत्यक्षातला पेंट वगैरे, ते सगळं दुसऱ्या स्टेटमध्ये, गिऱ्हाईकाच्या प्रेझेंटेशनसाठी. सावल्या बंद. आणि नोटमध्ये रंगाचं नाव कधीही लिहायचं नाही, बलूनचा (पार्ट दाखवणाऱ्या नंबराच्या गोलाचा) नंबर लिहायचा.

बलून शेडेड व्ह्यूवर लावावेत का?

आयसोवर लावले तर वाचायला सोपे जातात, मीही लावतो. पण लीडरचं, म्हणजे बलूनपासून पार्टकडे जाणाऱ्या रेघेचं, टोक बघा. लीडर पार्टच्या कडेवर संपत असेल तर बाण, पार्टच्या आत पृष्ठभागावर संपत असेल तर ठिपका, ही नेहमीची पद्धत. गडद शेडिंगवर हा ठिपका दिसतच नाही आणि लीडर हवेत संपल्यासारखा वाटतो. म्हणून एकतर रंग फिकट ठेवा, नाहीतर लीडर कडेवर आणून बाण लावा. अ‍ॅलन स्क्रूसारख्या बारीक पार्टना मी आयसोवर बलून देत नाही, ते सेक्शनमध्ये (कापून दाखवलेल्या व्ह्यूत).

शेडेड व्ह्यूवर डायमेन्शन द्यावं का?

नाही.

फार तर एक ओव्हरऑल लांबी-रुंदी-उंची, मशिन ट्रकमध्ये बसेल का हे बघायला. तीही फ्रंट-टॉपवर दिलेली बरी.

सेक्शन व्ह्यू शेडेड छापला तर?

हॅचिंगच्या (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या) बारीक रेषा आणि शेडिंगचे ठिपके एकमेकांत मिसळतात, कापलेला भाग कुठला आणि मागचा कुठला ते कळत नाही. सेक्शन रेषांतच ठेवा. शाफ्ट, बोल्ट, पिन, रिब लांबीत कापायचे नाहीत हा नियम कॉलेजात शिकवतात आणि सॉफ्टवेअर विसरायला लावतं. सेक्शनच्या स्कोपमध्ये जाऊन ते वगळा. भारतीय मानक ब्युरोची एसपी ४६ ही पुस्तिका ऑफिसात असेल तर ती कपाटातून काढून टेबलावर ठेवा.

ए१ ड्रॉइंग शॉपवर ए३ मध्ये छापतात. तेव्हा काय बिघडतं?

लांबी-रुंदी बरोबर निम्मी होते, आणि रेषांची जाडीही. ०.५ची रेघ ०.२५ होते, ०.२५ची साधारण ०.१३. रेषांच्या जाडीची मालिका ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशी वर्गमूळ दोनच्या पटीत याचसाठी आहे की कागद एक पायरी लहान केला की रेघही एक पायरी उतरते. ए१वरून ए३ म्हणजे दोन पायऱ्या. त्यामुळे ए१ शीटवर ०.२५ पेक्षा बारीक काहीच ठेवू नका आणि अक्षरं ३.५ मिमीपेक्षा लहान नकोत, ती ए३वर १.७५ होतात. चष्मेवाल्या फिटरचा विचार करा.

शेडेड चित्राचं उलट होतं. ते लहान केल्यावर ठिपके दाट होतात आणि चित्र जास्त रेखीव दिसतं. फसू नका, त्याच शीटवरच्या रेषा मेलेल्या असतात.

पीडीएफ दुकानात दिली, स्केल चुकला. दोष कुणाचा?

‘फिट टू पेज’चा. शिवाजीनगर असो की आप्पा बळवंत चौक, दुकानातला माणूस दिवसभर प्रोजेक्ट रिपोर्ट आणि पोस्टर छापत असतो, त्याला ‘फिट’ सोयीचं असतं. त्याला स्वच्छ सांगा: अ‍ॅक्चुअल साइज. मी टायटल ब्लॉकशेजारी १०० मिमीची एक पट्टी काढून ठेवतो. प्रिंट हातात आली की काउंटरवरच स्टीलच्या पट्टीने मोजतो. दुकानदाराला वाटतं माणूस संशयी आहे. आहेच.

अ‍ॅक्रोबॅटमध्ये बारीक रेषा स्क्रीनवर जाड दिसत असतील तर ती ‘एन्हान्स थिन लाइन्स’ची करामत असू शकते, कागदावर ती येत नाही. आणि व्ह्यूमधले तुकडे गायब होत असतील किंवा शेडेड भाग सरकत असेल तर प्रिंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ करून बघा. त्याने अख्खी शीटच चित्र होते, रेषांसकट, म्हणून तिथे डीपीआय ३००च्या खाली ठेवू नका. हा शेवटचा उपाय आहे, रोजची सवय नव्हे.

प्लॉटर अर्धी शीट छापून थांबतो.

बहुतेक वेळा मेमरी. शेडेड व्ह्यूंचा डीपीआय उतरवा किंवा एक व्ह्यू सोडून बाकी रेषांत आणा. तरी होत नसेल तर थेट सॉफ्टवेअरमधून न देता पीडीएफ करून द्या. गुरुवारी भोसरीची इंडस्ट्रियल सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांनाच प्रिंट हवी असते. मोठी शीट तेव्हा पाठवू नका एवढीच विनंती.

गिऱ्हाईक म्हणतं, सगळेच व्ह्यू शेडेड द्या, छान दिसतं.

द्या, पण दोन फाइली करा. अ‍ॅप्रूव्हलच्या पीडीएफमध्ये हवं तेवढं शेडेड, रंगीत, सावल्यांसकट. मॅन्युफॅक्चरिंगच्या शीटवर तुमच्या ऑफिसची पद्धत. ड्रॉइंग नंबर तोच, पण अ‍ॅप्रूव्हलच्या फाइलवर ‘उत्पादनासाठी नाही’ असा शिक्का मोठ्या अक्षरात. एकदा ती रंगीत फाइल टूलरूममध्ये पोचली होती आणि रिव्हिजन मागची होती. पुढचं सांगत नाही.

पावसात भोसरीहून चाकणला प्रिंट नेतो, रंग ओघळतात. काही उपाय?

बऱ्याच इंकजेट प्लॉटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत शाया डायच्या. पाणी लागलं की काळ्या रेषा बऱ्यापैकी टिकतात आणि शेडेड आयसो निळ्या-गुलाबी डबक्यात जातो. जुलैत शॉपवर जायच्या शीट लेझरवर काढा, टोनर पाण्याने वाहत नाही. इंकजेटच असेल तर छापल्यावर लगेच गुंडाळू नका, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, आणि गुंडाळी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घालून दोन्ही टोकांना एंड कॅप लावा. ११० मिमीचा पाइप बाइकवर अवघड जातो, ७५चा बरा पडतो.